चार स्क्रूंचा उजेड

शेतीपंपाला दिवसा वीज देण्याची घोषणा सौर कृषी वाहिनी योजनेच्या २०२३ मधल्या दुसऱ्या टप्प्यापासून पुन्हा जोरात ऐकू येते आहे. ती पूर्ण झाली, तर भंडारा जिल्ह्यातल्या उन्हाळी धानाच्या बांधीवर मध्यरात्री किती वाजले हे बघण्याची वेळ कुणावर येणार नाही. दुसरीकडे, २०२२ मध्ये भारत स्मार्टघड्याळांचा जगातला सर्वांत मोठा बाजार झाला आणि दोनच वर्षांत ती लाट ओसरली. घरोघरी कपाटात काळ्या पडद्याची, चार्ज न होणारी घड्याळे उरली. अशा वेळी कॅसिओच्या एफ-९१डब्ल्यू या प्लास्टिकच्या घड्याळाचा विचार करावासा वाटतो. १९८९ मध्ये आलेले हे घड्याळ आजही हजार-बाराशे रुपयांच्या आसपास मिळते. रात्री वेळ दाखवण्यात मात्र ते पहिल्या दिवसापासून कच्चे आहे.

त्याआधीचा इतिहास चटकन उरकण्यासारखा आहे. एचएमटीने १९६१ मध्ये सिटिझनच्या मदतीने बंगळुरात घड्याळे करायला घेतली, तिच्या ‘पायलट’च्या काट्यांवरचा चमकणारा लेप अंधारात थोडा वेळ साथ द्यायचा, मग टायटन आली आणि घड्याळ हा लग्नातल्या आहेराचा विषय झाला. अंधाराशी त्याचा संबंध तिथेच सुटला.

तो पुन्हा जुळला भारनियमनाच्या दशकात. २००५ मध्ये वीज मंडळाचे तुकडे होऊन महावितरण जन्मली, आणि पुढची सात-आठ वर्षे ग्रामीण महाराष्ट्राने अंधाराचे वेळापत्रक पाठ केले. पंपाची थ्री-फेज लाइन आठवड्याच्या पाळीने कधी दिवसा, कधी रात्री. ती येण्याची वेळ चुकली तर बांधी कोरडी, जाण्याची चुकली तर पाण्याची पाळी हुकली. यातली बोचणारी गोष्ट अशी की वीज लांबून आणायची नव्हती. १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यातच असलेल्या तिरोड्यात त्याच दशकाच्या अखेरीस ३३०० मेगावॉटचा प्रकल्प उभा राहत होता. तारा गावावरून जात होत्या आणि कोका जंगलाच्या कडेचा शेतकरी रानडुकरांच्या वाटेवर मोटर सुरू करायला रात्री निघत होता. घड्याळाचा उजेड ही तेव्हा चैनीची बाब नव्हती.

आणि नेमका तोच अपुरा होता. एलसीडीला स्वतःचा प्रकाश नसतो. एफ-९१डब्ल्यूमध्ये पडद्याच्या डाव्या कडेला एकच हिरवा एलईडी आहे. बटण दाबले की डावीकडचे आकडे उजळतात, उजवीकडे पोचेपर्यंत प्रकाश दमतो. टायमेक्सने १९९२ मध्ये पूर्ण पडदा सारखा उजळणारी इंडिग्लो पद्धत आणली, पण तिला सेलच्या तीन व्होल्टवरून खूप जास्त व्होल्टेज तयार करावे लागते. कॅसिओने हे टाळले ते आळसाने नव्हे. सीआर २०१६ या सेलची क्षमता ९० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास, आणि कंपनी तो सात वर्षे पुरेल असे सांगते. भागाकार केला तर घड्याळ चालायला दीड मायक्रोअँपिअरच्या आतबाहेर प्रवाह लागतो. एलईडीला पाच मिलिअँपिअर धरले, तर एक सेकंदाचा उजेड म्हणजे जवळपास तासभराची वेळ खर्च. आयुष्य की उजेड, असा हा सौदा होता आणि कंपनीने ग्राहकाच्या वतीने तो करून टाकला. शहरात, जिथे रस्त्यावर दिवे असतात, तिथे तो शहाणपणाचाच होता. बांधीवर नव्हता.

पण हा सौदा मोडून नव्याने करता येत होता, आणि माझे सगळे म्हणणे त्यावरच उभे आहे. मागचे झाकण चार बारीक स्क्रूंवर असते. ते काढले की आतला भाग उचलून जुना एलईडी काढता येतो, डाख देऊन नवा बसवता येतो, प्रकाश पसरवायला पातळ दुधी पट्टी घालता येते. हौशी लोकांनी हे जगभर केले. जोई कॅस्टिलो यांनी तर त्याच केसमध्ये बसणारा संपूर्ण नवा सर्किट बोर्ड तयार केला. पितळी भांड्यांसाठी नाव मिळवलेल्या आपल्या भंडाऱ्याला डाख आणि कल्हई शिकवायला नको. हौशी मंडळींची एक चूक मात्र सांगायला हवी. बहुतेक जण पांढरा किंवा निळा एलईडी लावतात. त्याला साधारण तीन व्होल्ट लागतात, म्हणजे सेल थोडा उतरला की तो मंदावतो. शिवाय भगभगीत उजेडाने अंधाराला सरावलेले डोळे दिपतात, आणि पुन्हा पूर्ण सरावायला अर्धा तास जातो. रात्री शेतात फिरणाऱ्याला हवा तांबडा, मंद, पण सगळीकडे सारखा पसरलेला प्रकाश. तो दोन व्होल्टमध्ये भागतो.

यावर पहिला आक्षेप मोबाइलचा. खिशात टॉर्च असताना मनगटाकडे कोण बघतो? पण चिखलाने भरलेल्या हाताने मोबाइल काढता येत नाही, तो बांधावर ठेवलेला असतो. दुसरा आक्षेप वजनदार आहे. झाकण उघडले की रबरी रिंग नीट बसेलच असे नाही, आणि रोवणीच्या पाण्यात घड्याळ गेलेच समजा. हे खरे आहे. म्हणूनच हे काम घड्याळजीचे होते, आणि तो चौकातून उठला हा तोटा हळहळण्याजोगा आहे. हजाराच्या वस्तूवर एवढी मेहनत कशाला, असेही विचारतात. त्याच पैशाचे स्मार्टघड्याळ लख्ख उजळते, पण त्याची पाठ चिकटवलेली असते. बॅटरी थकली की घड्याळ संपले. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल उघडले. त्यात शेतीची अवजारे आहेत, मोबाइल आहेत, गाड्या आहेत. डिंकाने बंद केलेली पाठ पोर्टलने उघडत नाही.

राहिला सेलचा हिशेब. रात्री दहा वेळा, दोन-दोन सेकंद बटण दाबले, तरी सात वर्षांचा सेल चारेक वर्षे जातो. नवा सेल काही दहा रुपयांच्या नोटांत येतो, आणि तो बदलायला तेच चार स्क्रू लागतात.