बकरीचे जंत आणि पळसपापडी

तान्ह्या बाळाच्या पाण्यात वावडिंग टाकताना ते जंतांवरचे औषध आहे हे आपल्याला ठाऊक असते. पण अंगणातल्या बकरीचे काय? आमच्या जऊळक्यात पावसाळा लागला की चांगली बागडणारी करडे मान टाकतात, अन्‌ त्यांच्याबरोबर घरच्या बाईची हक्काची शिल्लकही जाते.

याचे एक मोठे कारण म्हणजे बकरीच्या पोटात राहून रक्त पिणारा हिमॉन्कस नावाचा जंत. याने हगवण लागतेच असे नाही. म्हणून खालची पापणी ओढून पाहावी. लालगुलाबी असली तर बरे. पांढरी पडली किंवा जबड्याखाली सूज आली, तर त्याच दिवशी जनावरांचा दवाखाना गाठावा. अशा वेळी झाडपाला करीत बसू नये.

मग पळसपापडी खोटी का? मुळीच नाही! पळसाच्या बियांत पॅलासोनिन अन्‌ वावडिंगात एम्बेलिन ही जंतांवर चालणारी द्रव्ये आहेत. पाकिस्तानात मेंढ्यांना या बियांची पूड दिली, त्याचा अहवाल २००६ साली आला. लेंड्यांतली जंतांची अंडी पुष्कळ घटली, पण लेव्हामिसोलइतकी नाहीत. शिवाय गर्भ राहू नये म्हणूनही या बिया जुन्या वैद्यकात सांगितल्या आहेत. तेव्हा गाभण बकरीला त्या अजिबात नकोत.

ताज्या लेंड्या डबीत घालून दवाखान्यात तपासून घ्या. औषध वजनावर मापूनच द्या, अर्धवट मात्रेने जंत सरावतात. अन्‌ दव वाळल्याशिवाय बकऱ्या सोडू नका. ओल्या गवतावर जंतांच्या अळ्या चढून बसलेल्या असतात.