मापात पाप नको

रमजानच्या संध्याकाळी कर्जत, नेरळ, खोपोलीच्या घरांत दस्तरखान मांडला जातो. खजूर, फळांची चाट, भजी, शरबत. हल्ली त्याच्या कडेला मोबाइलही असतो. त्यात अजानची वेळ कळते, आणि कोणी मधुमेहामुळे, कोणी वजनामुळे खाल्लेल्या कॅलरींची नोंदही त्यातच करतो. नोंद करायला दोन मिनिटे लागतात. ती खरी करायला मात्र थोडी मेहनत पडते.

सर्वांत मोठा घोळ भाताचा. १०० ग्रॅम कच्च्या तांदळात सुमारे ३५० कॅलरी असतात. शिजताना तो पाणी पितो आणि त्याचा अडीचशे-तीनशे ग्रॅम भात होतो. म्हणून १०० ग्रॅम भातात साधारण १३० कॅलरीच उरतात. ताटातला भात तोलून 'तांदूळ' म्हणून नोंदवला, तर हिशेब अडीचपटीहून जास्त फुगतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या अन्नघटक तक्त्यांत ५२८ पदार्थ आहेत, पण तेही मुख्यतः कच्चेच. त्यामुळे नोंदवताना कच्चे की शिजलेले, हे आधी पाहावे.

तेलाचे उलटे होते. ते दिसत नाही, म्हणून लिहिले जात नाही. एका मोठ्या चमचाभर तेलात १२० च्या आसपास कॅलरी असतात. भजी तळण्याआधी आणि नंतर कढईतले तेल तोलले, तर किती पोटात जाणार ते समजते. खिचड्यासाठी गहू, डाळी, मटण, तेल कच्चेच तोलून बेरीज करावी, शिजल्यावर पातेल्याचे वजन वजा करून एकूण खिचडा तोलावा आणि आपल्या वाटीचा हिस्सा काढावा. खजूर बी काढून तोलावा. छोट्या खजुरात जेमतेम २० कॅलरी, मोठ्या मेडजूलमध्ये ६० च्या वर. ॲपमधला दिवस मध्यरात्री बदलतो, म्हणून तरावीहनंतरचा चहा कोणत्या दिवसात धरायचा, तेही एकदाच ठरवून टाकावे.

माप या महिन्याला नवे नाही. ईदच्या नमाजाआधी गरिबाला द्यायचा फित्रा 'साअ' या मापाने ठरतो. एक साअ म्हणजे चार मुद्द, आणि मुद्द म्हणजे दोन्ही हातांची भरलेली ओंजळ. कोकणातले मुसलमान बहुतांशी शाफई. ते रोजच्या धान्याचा, म्हणजे तांदळाचा, एक साअ काढतात. किलोत तो साधारण अडीच धरतात, पण आकडा सगळीकडे सारखा नसतो. मूळ माप ओंजळीचे, वजनाचे नव्हे. पायलीभर तांदूळ आणि पायलीभर टरफलासकट भात सारखे तुलत नाहीत, हे इथल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. शंका आली की देणारा मूठभर जास्तच घालतो. खाल्लेले लिहिताना मात्र हात आखडतो.

ॲपमध्ये घटवलेल्या चार चमच्यांनी फसतो तो लिहिणाराच. पण कर्जत-खालापूरच्या ठाकूर आणि कातकरी वाड्यांवर हाच हिशेब दुसऱ्याच्या पोटाचा असतो. अंगणवाडीच्या पूरक आहारातून सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलाला रोज ५०० कॅलरी मिळाव्यात, तीव्र कुपोषित मुलाला ८००, असे प्रमाण २०२३ पर्यंत होते. २०२१ पासून सेविका मुलांची वजने आणि आहार 'पोषण ट्रॅकर'वर नोंदवतात. कुटुंब वीटभट्टीवर गेले की मूल वाडीत नसते. त्याच्या नावापुढे आहार मिळाला असे लिहिले गेले, तर कागदावर ते जेवलेले असते आणि भट्टीवर उपाशी. किलोभर वजन कमी लिहिले गेले तर मदत येते, जास्त लिहिले गेले तर ती येतच नाही.

मापात पाप, असे आपल्याकडे दुकानदाराला म्हणतात. आता काटा ज्याच्या-त्याच्या हातात आला आहे.