उभं राहायला जागा : ब्रिटन, १९८९ ते १९९८

१५ एप्रिल १९८९. शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर एफए कपचा उपांत्य सामना, लिव्हरपूल विरुद्ध नॉटिंगहॅम फॉरेस्ट. लिव्हरपूलच्या पाठीराख्यांना गोलामागची, उभ्यानं सामना बघायची जागा दिली होती. अरुंद प्रवेशदारांबाहेर गर्दी तुंबली, तेव्हा पोलिसांनी बाहेर पडायचं मोठं फाटक उघडलं आणि लोंढा आधीच खच्चून भरलेल्या मधल्या कप्प्यांत शिरला. समोर लोखंडी जाळी. पळायला वाट नव्हती. सामना सुरू होऊन सहा मिनिटं होतात न होतात तोच पंचांनी तो थांबवला. त्या चेंगराचेंगरीत एकूण ९७ माणसं गेली. त्यांतला शेवटचा माणूस २०२१ साली, त्याच दिवशीच्या दुखापतींमुळे गेला. चार दिवसांनी ‘द सन’नं पहिल्या पानावर ‘सत्य’ असा मथळा देऊन छापलं, की प्रेक्षकांनी मेलेल्यांचे खिसे साफ केले. ते धादांत खोटं होतं. लिव्हरपूलमधली कितीतरी घरं आजही त्या वर्तमानपत्राला शिवत नाहीत.

ब्रिटनमधल्या नव्वदच्या दशकाची गोष्ट सांगताना बहुतेक जण ओअॅसिस आणि ब्लरच्या गाण्यांपासून सुरुवात करतात. मला ती हिल्सबरोपासूनच सांगावीशी वाटते. पुढच्या नऊ वर्षांत तिथलं पॉप संगीत, सिनेमा, फुटबॉल आणि राजकारण एकमेकांत असं मिसळलं, की एकाचा विषय निघाला की उरलेले तिघे आपोआप दारात येतात. चौघांच्याही मुळाशी एकच प्रश्न होता : कामकरी माणसाला या देशात उभं राहायला जागा आहे की नाही? मराठी वाचकाला हा प्रश्न परका वाटू नये. मँचेस्टर आणि मुंबई ही दोन्ही कापसावर वाढलेली शहरं. आपल्या गिरण्यांचा संप १९८२ चा, तिकडच्या कोळसा खाणींचा १९८४-८५ चा. दोन्हीकडे कामगार हरले आणि दोन्हीकडे वस्त्याच्या वस्त्या उसवल्या.

हिल्सबरोनंतर न्यायमूर्ती टेलर यांचा अहवाल जानेवारी १९९० मध्ये आला. मोठ्या मैदानांवर सगळ्यांना बसायला खुर्च्या हव्यात, असं त्यांनी सुचवलं. त्यांचा हेतू प्रामाणिक होता. खुर्ची आली म्हणून तिकीट महाग व्हायचं कारण नाही, हेही त्यांनी लिहिलं आणि ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानाचा दाखला दिला. तिथे बसायचं तिकीट सहा पौंडांना मिळत होतं. क्लबांनी अहवालातल्या खुर्च्या घेतल्या, सहा पौंड मात्र घेतले नाहीत.

त्याच १९९० मध्ये राजकारणही उकळत होतं. पंतप्रधान थॅचरबाईंनी आणलेली डोईपट्टी उमरावाला आणि त्याच्या माळ्याला एकाच मापानं मोजणारी होती. ३१ मार्चला लंडनच्या ट्राफल्गर चौकात त्यावरून दंगल उसळली. ४ जुलैला तुरीनमध्ये विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात इंग्लंड पश्चिम जर्मनीकडून पेनल्टींवर हरलं. त्या सामन्यात इंग्लंडचा पॉल गॅसकॉइन भर मैदानात रडला. कित्येक वर्षं फुटबॉलप्रेमी म्हणजे गुंड, असं ऐकत आलेल्या देशाला त्या रडण्यात आपला मुलगा दिसला. नोव्हेंबरात थॅचरबाई पायउतार झाल्या.

पण जो विचार त्यांनी रुजवला होता, तो पायउतार झाला नाही. एप्रिल १९९२ मध्ये जॉन मेजर यांच्या हुजूर पक्षानं सलग चौथी निवडणूक जिंकली. ऑगस्टमध्ये प्रीमियर लीग सुरू झाली. तिच्या प्रक्षेपणाचा करार पाच वर्षांसाठी ३० कोटी ४० लाख पौंडांचा होता. ज्याला सामना बघायचा त्यानं स्काय वाहिनीची वर्गणी भरायची, असा मामला. १३ ऑक्टोबरला सरकारनं ३१ कोळसा खाणी बंद करत असल्याचं जाहीर केलं. सुमारे ३०,००० नोकऱ्या जाणार होत्या. यादीत यॉर्कशरमधली ग्राइमथॉर्प खाण होती. त्याच महिन्यात ग्राइमथॉर्पच्या खाणकामगारांचा ब्रास बँड लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये राष्ट्रीय विजेता ठरला. खाण १९९३ मध्ये बंद झाली. बँड आजही वाजतो आहे.

मग आला १९९४ चा वसंत. या गोष्टीतले सगळे धागे जवळपास एका महिन्यात हाताशी येतात. ११ एप्रिलला ओअॅसिसचं पहिलं गाणं आलं. २५ एप्रिलला ब्लरचा ‘पार्कलाइफ’ अल्बम आला. ३० एप्रिलला लिव्हरपूलच्या अॅनफिल्ड मैदानावर प्रेक्षक ‘कॉप’ या प्रसिद्ध बाजूला शेवटचे उभे राहिले, आणि नॉर्विचनं सामना १-० असा जिंकून त्या निरोपाला गालबोट लावलं. १२ मे रोजी मजूर पक्षाचे नेते जॉन स्मिथ हृदयविकारानं गेले आणि टोनी ब्लेअर यांची वाट मोकळी झाली. त्याच आठवड्यात ‘फोर वेडिंग्ज अँड अ फ्युनरल’ तिथल्या थिएटरांत लागला. मला तो सिनेमा गोड वाटतो, पण त्यातल्या एकाही माणसाला महिनाअखेरची काळजी नाही. परदेशाला आवडलेला ब्रिटन हा असा होता : चर्च, हिरवळ, टोप्या घातलेल्या बायका.

ऑगस्ट १९९५ मध्ये ब्लर आणि ओअॅसिस यांनी एकाच दिवशी गाणी बाजारात आणली. दक्षिणेचे कॉलेजात शिकलेले विरुद्ध मँचेस्टरच्या सरकारी घरांत वाढलेले, असं वृत्तपत्रांनी त्याचं युद्ध केलं. ब्लरच्या २,७४,००० प्रती खपल्या, ओअॅसिसच्या २,१६,०००. माझं मत सांगायचं तर ती दोन्ही गाणी त्या त्या बँडची दुय्यम दर्जाची आहेत. त्या वर्षाचं खरं गाणं शेफील्डच्या पल्प या बँडचं ‘कॉमन पीपल’. कला महाविद्यालयात शिकणाऱ्या श्रीमंत मुलीला गरिबांसारखं जगून बघायचं असतं, आणि गाणारा तिला सांगतो की हे तुला कधीच जमणार नाही, कारण तू वडिलांना फोन केलास की ते हे सगळं थांबवू शकतात. पॉप संगीतात वर्गभेदावर इतकं नेमकं बोट क्वचितच कुणी ठेवलं असेल. पल्पचा गायक जार्विस कॉकर स्वतः लंडनच्या सेंट मार्टिन्समध्ये शिकला होता, तोही सरकारी खर्चानं शिक्षण मिळत होतं त्या काळात. ब्लरची मुलं गोल्डस्मिथ्स कॉलेजमधली. या साऱ्या संगीतामागे फीविना शिक्षण, बेकारभत्ता आणि परवडणारं भाड्याचं घर होतं, हे विसरू नये. प्रतिभा असतेच, तिला तालीम करायला काही रिकामी वर्षंही लागतात.

१९९६ हे ऐन भराचं वर्ष. फेब्रुवारीत डॅनी बॉइलचा ‘ट्रेनस्पॉटिंग’ आला. एडिंबरोच्या नशेखोर पोरांची ही गोष्ट. त्यात ब्लर आहे, पल्प आहे आणि १९७८ च्या विश्वचषकात स्कॉटलंडच्या आर्ची गेमिलनं हॉलंडवर केलेल्या गोलाची आठवणही आहे. याच बॉइलनं पुढे मुंबईत येऊन ‘स्लमडॉग मिल्यनेअर’ केला. त्याचा धावता कॅमेरा मुंबईच्या झोपडपट्टीत कुठून आला, ते ‘ट्रेनस्पॉटिंग’च्या पहिल्या मिनिटात दिसतं. मला दोघांतला आधीचा सिनेमा अधिक खरा वाटतो, कारण तिथे तो आपल्या माणसांबद्दल बोलतो आहे.

जूनमध्ये युरोपीय फुटबॉल स्पर्धा इंग्लंडमध्ये भरली. १५ जूनला दुपारी वेम्बलीवर गॅसकॉइननं स्कॉटलंडविरुद्ध तो अफलातून गोल केला. त्याच दिवशी सकाळी मँचेस्टरच्या मध्यावर आयआरए या आयरिश सशस्त्र संघटनेचा प्रचंड बॉम्ब फुटला होता. दोनशेहून अधिक लोक जखमी झाले, सुदैवानं कुणी दगावलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्याच शहरात जर्मनी-रशिया सामना ठरल्याप्रमाणे झाला. उपांत्य सामन्यात इंग्लंड पुन्हा जर्मनीकडून पेनल्टींवर हरलं. या वेळी चुकलेली पेनल्टी गॅरेथ साउथगेटची. ‘थ्री लायन्स’ हे इंग्लंड संघाचं गाणं मात्र जिंकलं. हरण्याची इतकी वर्षं मोजून दाखवणारं दुसरं क्रीडागीत मी ऐकलेलं नाही. शरद ऋतूतल्या पक्षाच्या अधिवेशनात ब्लेअर यांनी त्याच गाण्याचं ध्रुपद फिरवून मजूर पक्षाला लावलं. ऑगस्टमध्ये नेबवर्थला दोन रात्रींत अडीच लाख लोक ओअॅसिसला ऐकायला जमले होते. राजकारण्याला ती गर्दी दिसली नसती तरच नवल.

आणि त्याच वर्षाअखेरीस ‘ब्रास्ड ऑफ’ आला. ग्राइमथॉर्पवर बेतलेला, मार्क हर्मननं दिग्दर्शित केलेला. खाण बंद पडते आणि बँड अल्बर्ट हॉलमध्ये जिंकतो. वाद्यवृंदाचा प्रमुख, म्हणजे पीट पॉस्टलथ्वेट, मंचावर चषक नाकारतो. मला वाटत होतं संगीत महत्त्वाचं आहे, पण माणसांपुढे ते काहीच नाही, अशा आशयाचं तो बोलतो. पुढच्या वर्षी आलेला ‘द फुल मॉन्टी’ जगभर कितीतरी जास्त चालला. शेफील्डच्या बेकार पोलादकामगारांनी पोटासाठी कपडे उतरवण्याची गोष्ट हसवते आणि रडवतेही. तरी मी ‘ब्रास्ड ऑफ’ला वरचं स्थान देतो. ‘फुल मॉन्टी’ जखमेवर पट्टी बांधून आपल्याला घरी पाठवतो. ‘ब्रास्ड ऑफ’ जखम उघडीच ठेवतो.

इकडे सप्टेंबर १९९५ मध्ये लिव्हरपूलचे सुमारे ५०० गोदी कामगार काढून टाकले गेले होते. दुसऱ्या कामगारांची निदर्शनाची रांग त्यांनी ओलांडली नाही, हा त्यांचा गुन्हा. मार्च १९९७ मध्ये लिव्हरपूलच्या रॉबी फाउलरनं युरोपीय सामन्यात गोल केल्यावर जर्सी वर केली. आतल्या शर्टावर या कामगारांना पाठिंबा लिहिलेला होता. युएफानं त्याला दोन हजार स्विस फ्रँक दंड केला. त्याच आठवड्यात आर्सेनलविरुद्ध त्याला पेनल्टी मिळाली तेव्हा तो पंचांना सांगत सुटला, की मला कुणी पाडलेलं नाही. त्यासाठी फिफाकडून त्याला कौतुकाचं पत्र आलं. माझ्या लेखी दोन्ही कृती एकाच प्रामाणिकपणातून आल्या. एकीला शाबासकी आणि दुसरीला दंड, यातच त्या काळाचा हिशेब दिसतो.

१ मे १९९७ रोजी, कामगारदिनी, मजूर पक्ष १८ वर्षांनी सत्तेवर आला. ४१८ जागा, १७९ चं बहुमत. त्या पहाटेचा आनंद खोटा नव्हता. स्कॉटलंडला स्वतःची संसद मिळाली, उत्तर आयर्लंडमध्ये करार झाला, १९९९ मध्ये किमान वेतन लागू झालं. या गोष्टी लहान नाहीत. पण जुलैअखेरीस पंतप्रधानांच्या डाउनिंग स्ट्रीटवरच्या घरी ओअॅसिसचा नोएल गॅलघर हातात पेला घेऊन हसताना दिसला आणि काहीतरी संपलं. बंडखोराला सत्तेनं बोलावलं, तो गेला, आणि ऑगस्टमध्ये आलेला ओअॅसिसचा अल्बम फुगलेला, पोकळ निघाला. पुढच्याच वर्षी सरकारनं विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांना हजार पौंडांची फी लावली. उद्याच्या जार्विस कॉकरच्या वाटेत ते बंद दार होतं.

म्हणून माझ्यासाठी हे दशक संपतं फेब्रुवारी १९९८ मध्ये. ९ तारखेला ब्रिट पुरस्कारांच्या सोहळ्यात लीड्सच्या चुंबावांबा बँडमधल्या एकानं उपपंतप्रधान जॉन प्रेस्कॉट यांच्या अंगावर पाण्याची बादली ओतली. निमित्त होतं लिव्हरपूलचे गोदी कामगार. त्यांचा लढा नुकताच, जानेवारीत, हरून संपला होता. प्रेस्कॉट स्वतः एकेकाळचे खलाशी आणि कामगार संघटनेचे कार्यकर्ते. कुणाच्याही अंगावर पाणी ओतणं मला पटत नाही. त्यामागचा संताप मात्र पुरता पटतो. याच बँडच्या ‘टबथम्पिंग’ या गाण्याची अल्बममधली सुरुवात ‘ब्रास्ड ऑफ’मधल्या त्या मंचावरच्या भाषणानं होते. खाण, बँड, सिनेमा, गाणं, गोदी आणि फाउलरचा शर्ट अशी ही एकच साखळी आहे. डाउनिंग स्ट्रीटवरच्या पेल्यापेक्षा मला ती त्या काळाची अधिक खरी ओळख वाटते.

आणि दोन आठवड्यांनी कॉर्नरशॉप या बँडचं ‘ब्रिमफुल ऑफ आशा’ ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. तजिंदर सिंगनं लिहिलेलं हे गाणं आशा भोसले यांच्याबद्दल आहे. स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाला १९९३ मध्ये लंडनच्या बसथांब्यावर वंशद्वेषातून भोसकून मारलं होतं आणि त्याच्या आईवडिलांना तेव्हाही न्याय मिळालेला नव्हता. अशा देशात, युनियन जॅक रंगवलेल्या गिटारींच्या त्या दशकाच्या अखेरीस, सांगलीत जन्मलेल्या बाईचं नाव लाखो ओठांवर आलं. कॉर्नरशॉपनं त्या देशात गाऊन जागा मिळवली.

हिल्सबरोच्या कुटुंबांना मात्र आणखी थांबावं लागलं. २०१२ च्या स्वतंत्र चौकशीत उघड झालं, की पोलिसांचे १६४ जबाब बदलले गेले होते. २०१६ च्या फेब्रुवारीत अॅनफिल्डवर ७७ पौंडांच्या तिकिटाच्या निषेधार्थ सुमारे दहा हजार प्रेक्षक ७७ व्या मिनिटाला उठून निघून गेले, आणि मालकांना तो दर मागे घ्यावा लागला. त्याच वर्षी २६ एप्रिलला ज्युरीनं निकाल दिला : ती माणसं बेकायदा मारली गेली होती, आणि प्रेक्षकांची त्यात काहीही चूक नव्हती. पहिल्या पानावर छापलेलं ‘सत्य’ पुसायला २७ वर्षं लागली. ते पुसलं ते त्या गरीब घरांतल्या आयाबापांनी, न थकता.