दिसते समीकरण, असतो हुकूम

क्ष = क्ष + १. गणिताच्या वहीत ही ओळ लिहिली तर तिच्यावर लाल फुली बसेल, आणि ती रास्तच असेल. कुठलीही संख्या स्वतःहून एकाने मोठी नसते. प्रोग्रॅमिंगच्या वर्गात मात्र हीच ओळ सुरुवातीलाच फळ्यावर येते. बीजगणित मन लावून शिकलेल्या मुलाला ती खटकली तर नवल नाही.

संगणक ती उजवीकडून हाती घेतो. क्ष नावाच्या जागेत आत्ता काय आहे ते बघायचे, त्यात एक मिळवायचा आणि उत्तर त्याच जागेत ठेवायचे. गावच्या सामन्यात धावफलकापाशी बसलेला पोरगा हेच करतो: ५७ची पाटी काढतो, ५८ची लावतो. आधीचे ५७ फलकावर कुठेच उरत नाहीत.

हे पुसले जाणेच नवशिक्याला छळते. अ मध्ये ५, ब मध्ये ८. अदलाबदल करायची म्हणून तो लिहितो अ = ब, आणि खालच्या ओळीत ब = अ. दोन्हीकडे ८! पहिल्याच ओळीत ५ गेले. ते आधी तिसऱ्या जागी ठेवायला हवे होते. (पायथनमध्ये अ, ब = ब, अ असे एका ओळीत भागते. तरी हा द्राविडी प्राणायाम प्रत्येकाने एकदा करावा, असे माझे मत आहे.) दुसरी फसगत जास्त छुपी. एकूण = दर × नग असे लिहिले, पुढे दर वाढवला, तरी एकूण जुनाच राहतो. एक्सेलमध्ये सूत्र जागे असते, दर बदलला की एकूणही बदलते. इथे ओळ एकदा चालली की तिचे काम संपले.

गोंधळाचे बरेचसे खापर चिन्हावर फोडावे लागेल. रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्श गणितज्ञाने १५५७ साली बरोबरीसाठी दोन समांतर रेघा काढल्या, कारण त्यांच्याइतक्या सारख्या दोन गोष्टी त्याला दुसऱ्या दिसेनात. नेमक्या चारशे वर्षांनी, १९५७ मध्ये, आयबीएमच्या फोरट्रान या भाषेने तेच चिन्ह किंमत ठेवण्याच्या हुकमाला जुंपले. पास्कल भाषेने := वापरून फरक पाळला. सी भाषेची पूर्वज असलेल्या बी भाषेत केन थॉम्पसन यांनी हिशेब केला की किंमत ठेवणे तुलनेपेक्षा अधिक वेळा लागते, म्हणून त्याला छोटे चिन्ह द्यावे. सी भाषेने तेच उचलले: ठेवायला =, तुलनेला ==. बोटांचे कष्ट वाचले, शिकणाऱ्यांचे वाढले.

खरे तर याहून स्वच्छ लेखन १८४३ मध्येच झाले होते. चार्ल्स बॅबेज यांच्या ॲनालिटिकल एंजिन या नियोजित गणकयंत्रावरील टिपांत एडा लव्हलेस यांनी बर्नूली संख्या काढण्याचा तक्ता दिला. त्यात प्रत्येक व्हेरिएबलच्या, म्हणजे किंमत ठेवण्याच्या जागेच्या, डाव्या खांद्यावर एक बारीक आकडा आहे. चौथ्या व्हेरिएबलमध्ये आधी २न असते. त्यातून एक वजा होऊन २न − १ उरते. व्हेरिएबल तेच, पण खांद्यावरच्या १चा २ होतो. कोणाची किंमत कधी बदलली, हे दाखवायला तक्त्यात स्वतंत्र रकानाही आहे.

प्रोग्रॅमचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारे आजचे कंपायलरही असेच काहीसे करतात. जीसीसी किंवा एलएलव्हीएमला क्ष = क्ष + १ ही ओळ दिली, की ते आतल्या आत क्ष२ = क्ष१ + १ असा तिचा अवतार करून घेतात. प्रत्येक नावाला किंमत एकदाच मिळते. मग कुठले उत्तर पुढे कोणालाच लागणार नाही हे सहज कळते, आणि तेवढे काम गाळता येते.