निजामाच्या मुलखातली परकी माणसं (भाग ६) : शमशाबादच्या डॉक्टरीणबाई

मागच्या आठवड्यात आपण जालन्याजवळच्या बेथेलला थांबलो होतो. नारायण शेषाद्री ब्राह्मण घरातून ख्रिस्ती झाले, सालारजंगांच्या सरकारकडून जमीन मिळवली आणि तिथे गाव वसवलं. आजच्या बाई त्याच निजामी मुलखातल्या, पण पार दुसऱ्या टोकाच्या, तेलंगणातल्या. आणि आलेल्या कुठून, तर रशियात जन्मून, अमेरिकेत वाढून.

सोयगावकरांना निजामी मुलूख म्हणजे काय ते समजावून सांगायला नको. घाटाच्या खाली राहूनही आपण हैदराबादचे, आणि शेंदुर्णी-पाचोऱ्याकडे निघालं की इंग्रजांचा खान्देश. खिशात हाली शिक्का, सरकारी कागदावर फसली साल. शमशाबादला राहणाऱ्या डॉ. कॅटरीना शेलेनबर्ग यांचा महिन्याचा हिशेबही याच व्यवहारात बसत असणार. त्यांचा पंथ मेनोनाइट.

मेनोनाइट म्हटलं की काळे कपडे आणि घोडागाडीतून फिरणारी माणसं डोळ्यांपुढे येतात. ती बहुतेक आमिश. नात्यातली, पण चूल वेगळी. मूळ गोष्ट १५२५ ची, झुरिक शहरातली. तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देण्यात अर्थ नाही, ज्याने त्याने कळत्या वयात आपल्या मर्जीने तो घ्यावा, असं काही तरुणांनी ठरवलं आणि एकमेकांना नव्याने बाप्तिस्मा दिला. आज वाचताना यात एवढं काय, असं वाटतं. पण बाळाचा बाप्तिस्मा हीच तेव्हा राज्याच्या दप्तरातली नोंद होती. तो नाकारणं म्हणजे राज्याचं नाव टाकणं. त्यांच्यातल्या फेलिक्स मांझला १५२७ मध्ये झुरिकच्याच लिम्माट नदीत हातपाय बांधून बुडवलं. पुढे मेनो सिमन्स या डच पाद्र्याने १५३६ मध्ये आपली गादी सोडली, विखुरलेल्या या लोकांना धरून ठेवलं आणि त्याचंच नाव पंथाला चिकटलं. शपथ घ्यायची नाही, हत्यार उचलायचं नाही, हे त्यांचे आणखी दोन हट्ट.

हत्याराच्या हट्टापायी त्यांना पुन्हा पुन्हा बिऱ्हाड हलवावं लागलं. हॉलंडमधून ते विस्तुला नदीच्या खोऱ्यात गेले. तिथली पाणथळ जमीन बांध घालून, चर काढून त्यांनी पिकाखाली आणली. तिथेही फौजेचा जाच वाढला, तेव्हा रशियाच्या राणी कॅथरीनचं बोलावणं कामी आलं. लष्करातून माफी आणि स्वतःची शाळा, या बोलीवर ते आजच्या युक्रेनच्या गवताळ माळावर उतरले. मोलोचना ही त्यांची मोठी वसाहत १८०४ ची. पण १८७० च्या सुमारास झारने माफी काढून घ्यायचं ठरवलं आणि १८७४ पासून दहाएक वर्षांत सुमारे १८,००० माणसं अमेरिका-कॅनडाकडे निघून गेली. सोबत त्यांनी ‘टर्की रेड’ नावाचा हिवाळी गहू नेला. पोरांना बसवून एकेक दाणा हाताने निवडून घेतला, असं तिकडे सांगतात. खरं-खोटं असो, पण कॅन्ससची गव्हाचा प्रांत म्हणून जी ओळख झाली, तिच्यात या वाणाचा वाटा मोठा आहे.

कॅटरीनाचा जन्म १८७० चा. १८७९ मध्ये शेलेनबर्ग कुटुंब कॅन्ससला पोचलं. वडील अब्राहम पंथाचे वडीलधारे. त्यांची शाखा ‘मेनोनाइट ब्रदरन’, १८६० मध्ये रशियातच वेगळी निघालेली, जास्त कडवी आणि जास्त भाविक. आई लवकर गेली, वडिलांनी दुसरं लग्न केलं, लेकरं वाढत गेली आणि थोरल्या लेकीच्या वाट्याला जे येतं ते तिच्याही आलं : धाकट्यांची आंघोळ, भाकरी, आजारपण. आपल्याकडच्या कितीतरी थोरल्या बहिणींचं आयुष्य इथेच संपलेलं असतं. हिने परिचारिकेचं शिक्षण घेतलं आणि मग कॅन्सस सिटीत होमिओपॅथीची डॉक्टरकी पुरी केली. डॉक्टर झाली तेव्हा वय ३६. त्याच वर्षी, म्हणजे १९०७ मध्ये, ती हिंदुस्थानात आली. लग्न केलं नाही.

या शाखेची माणसं हैदराबाद राज्यात आधीपासून होती. रशियातून आलेल्या अब्राहम फ्रीझनने १८८९-९० मध्ये नळगोंड्याला काम सुरू केलं होतं. कॅटरीना आधी नागरकर्नूलकडे आणि अखेरची बरीच वर्षं शमशाबादला राहिली. तेलुगू लोक मिशनच्या बाईला ‘दोरसानी’ म्हणत, आणि या दोरसानीला मागणी होती त्याचं कारण सरळ होतं. पडद्यातली बाई पुरुष डॉक्टरपुढे यायची नाही, आणि खेड्यात अडलेल्या बाळंतिणीला सुईणीपलीकडे कुणी नसायचं. साबुदाण्याएवढ्या गोळ्यांची ही विद्या अशा अडचणीत कितपत पुरली असेल, अशी शंका मला येते. पण नाडी धरणारी, रात्री उठून येणारी बाई दारात असणं हाच तेव्हा मोठा आधार होता.

हेतू धर्मप्रसाराचा होता आणि तो कुणी लपवला नाही. औषध देण्याआधी जमलेल्या रोग्यांपुढे प्रवचन, ही मिशनच्या दवाखान्यांची सर्रास रीत. याला संधी साधणं म्हणावं की श्रद्धा, हे वाचकाने ठरवावं. मला दोन्ही दिसतात. मात्र जे ख्रिस्ती झाले ते बहुतेक माला आणि मादिगा समाजातले, आणि त्यांना गोळीइतकंच महत्त्व होतं ते शाळेला आणि पंगतीत शेजारी बसण्याला. आपल्याकडच्या महार-मांग वस्त्यांतून बेथेलला गेलेल्यांची गोष्ट यापेक्षा फार निराळी नाही. शिवाय कॅटरीनाच्या लोकांना कुटुंब आणि पंथ असे दोन कप्पे करताच येत नसत. चारशे वर्षं ज्यांना कुठलंच राज्य आपलं म्हणता आलं नाही, त्यांची मंडळी हेच त्यांचं भाऊबंद.

१ जानेवारी १९४५ रोजी शमशाबादलाच त्या वारल्या. निजामाचं राज्य जायला तेव्हा पावणेचार वर्षं बाकी होती. पुढे याच मंडळींचं मोठं इस्पितळ जडचर्ल्याला उभं राहिलं. आज जगात सर्वांत जास्त मेनोनाइट असलेल्या पहिल्या काही देशांत भारत आहे आणि त्यातले बरेचसे तेलुगू बोलणारे आहेत. शमशाबादला मात्र आता लोक हैदराबादचं विमान पकडायला जातात.

पुढच्या भागात पुन्हा आपल्या उंबऱ्यावर येऊ : अजिंठ्याच्या भिंतींपुढे वर्षानुवर्षं चित्रं उतरवत बसलेला मेजर रॉबर्ट गिल.