पहिल्या शुक्रवारची रजा

10 एप्रिल 2020 रोजी गुड फ्रायडे होता आणि मुंबईतली सगळी चर्चं बंद होती. 22 मार्चचा जनता कर्फ्यू नेमका रविवारीच आला होता, 25 तारखेपासून टाळेबंदी लागली आणि 12 एप्रिलचा ईस्टरही घरातच उजाडला. दहिसरसारख्या उपनगरात घर म्हणजे रात्री पाठ टेकायची जागा. पहाटे डबा भरायचा, चर्चगेटची गाडी पकडायची, अंधार पडल्यावर परतायचं. त्याच घरात एकाएकी ऑफिस आलं, शाळा आली, चर्चही आलं. ऑफिस आणि शाळा यथावकाश आपापल्या जागी परत गेल्या. चर्चचं तसं सरळ झालं नाही. महिन्यातला एक दिवस घरातच प्रार्थनेसाठी राखायचा, ही त्या दिवसांत लागलेली सवय काही घरांत टिकली, पुष्कळ घरांत विरली. का टिकली आणि का विरली, ते आता थोडं लांबून पाहता येतं.

सुरुवात पडद्यावर झाली. 27 मार्चला पोप फ्रान्सिस पावसाने ओल्या सेंट पीटर चौकात एकटे उभे राहिले, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा वाजले होते. इमारतीत बहुतेकांचे दिवे चालू होते आणि ख्रिस्ती घरांत त्या रिकाम्या चौकाकडे टक लावून बसलेली माणसं होती. त्यानंतर पडद्यावरच्या मिस्सांचा पूर आला. सकाळी वसईची मिस्सा, दुपारी केरळातलं प्रवचन, रात्री कुणीतरी पाठवलेली रोजरी. पहिले काही आठवडे त्याने फार आधार दिला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण मोबाइल डब्याला टेकवून ठेवायचा, फादरांचं प्रवचन चालू असताना कांदा चिरायचा आणि ‘आमेन’ कुकरच्या शिट्टीत बुडवायचं, असंही व्हायला लागलं. प्रार्थना पाहायची सोय झाली, करायची राहूनच गेली.

म्हणून काहीजणींनी उलटी वाट धरली. फोन बंद करून एक दिवस बाजूला काढायचा. दिवस कोणता, हे ठरवायला डोकं खाजवावं लागलं नाही. महिन्याचा पहिला शुक्रवार कॅथलिक घरांत आधीच राखीव आहे. सतराव्या शतकात फ्रान्समधल्या पारे-ल-मोनियालच्या मठात संत मार्गारेट मेरी आलाकोक हिच्यापासून येशूच्या पवित्र हृदयाची ही भक्ती पसरली. सलग नऊ पहिले शुक्रवार मिस्सा आणि कम्युनियन चुकवायचं नाही, असा नेम आमच्या आज्यांनी केला आणि आमच्याकडूनही करून घेतला. हॉलमध्ये दाराच्या समोरच्या भिंतीवर पवित्र हृदयाची तसबीर आणि खाली लाल दिवा, ही कॅथलिक घराची खूण. तसबीर होतीच, वारही होता. त्याच्याभोवती पूर्ण दिवस उभा करायचा होता एवढंच.

तो कसा उभा करायचा, याची परंपराही काल-परवाची नाही. लोयोलाच्या संत इग्नेशियसची ‘आध्यात्मिक साधना’ 1548मध्ये रोममध्ये छापली गेली. ती साधारण तीस दिवस घरदार सोडून करायची. पण आरंभीच्या टिपांमधल्या एकोणिसाव्या टिपेत तो व्यवहारी माणूस सांगतो की ज्याला कामधंद्यातून सुटका नाही, त्याने रोज दीड तास काढावा आणि आपल्या जागी राहूनच ही साधना करावी. रशियातून परागंदा होऊन कॅनडात स्थिरावलेल्या कॅथरिन डोहर्टी यांनी 1975च्या आपल्या पुस्तकात याहून कडक बेत मांडला. साधी खोली, भिंतीवर क्रूस, हाताशी बायबल, खायला पाव आणि प्यायला पाणी. बाकी चोवीस तास मौन. आपल्या मुंबईत जन्मलेले जेझुइट फादर अँथनी डिमेलो यांनी 1978च्या ‘साधना’ या पुस्तकात श्वासाकडे लक्ष देत प्रार्थनेत शिरायला शिकवलं. त्यांच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी, 1998मध्ये, व्हॅटिकनने त्यांच्या काही विचारांबद्दल सावधगिरीची सूचना काढली. तरी पंखा, लिफ्ट आणि शेजारचा टीव्ही यांच्या आवाजात मन स्थिर करायला त्यांचे सुरुवातीचे धडे जेवढे उपयोगी पडले, तेवढं दुसरं काही पडलं नाही, असं मी बेधडक म्हणेन.

घरातली प्रार्थना आपल्या भागातही नवी नाही. दहिसरच्या वेशीवरच मंडपेश्वरची लेणी आहेत. मूळची शैव लेणी. सोळाव्या शतकात पोर्तुगीज फ्रान्सिस्कनांनी तिथे चर्च केलं आणि वर मठ बांधला. त्या मठाच्या भिंती अजून उभ्या आहेत. शिवाच्या शिल्पपटावर कोरलेला मोठा क्रूसही तिथे आहे. तो पाहून कुणालाही बरं वाटू नये, मला तर नाहीच वाटत. 1737 ते 1739च्या वसई मोहिमेत साष्टी आणि वसई मराठ्यांकडे आली, युरोपीय संन्यासी निघून गेले, अनेक चर्चं ओस पडली. मठ गेले तरी गावठाणांतला ख्रिस्ती राहिला, कारण त्याची प्रार्थना मठावर अवलंबून नव्हती. ती घरातल्या अल्तारासमोर आणि गावातल्या क्रुसापाशी चालत होती. 1896च्या प्लेगमध्ये मुंबई आणि परिसरातल्या गावठाणांत नाक्यानाक्यावर क्रूस उभे राहिले, त्यांतले कितीतरी आजही झेंडूच्या माळा घालून आहेत. साथ आली की माणसं घराच्या उंबरठ्याशी आणि आळीच्या तोंडाशी प्रार्थनेला जमतात, हे 2020मध्ये नव्याने घडलं असं समजायचं कारण नाही.

भाषेमुळेही प्रार्थना घराकडे वळली. 1960च्या दशकापर्यंत मिस्सा लॅटिनमध्ये होत असे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर 1963मध्ये लोकभाषांना दार उघडलं.  त्याआधीच्या पिढ्यांना वेदीवरचं बोलणं कळत नसे. आपल्या बोलीत देवाशी बोलायचं ते घरातच. प्रॉटेस्टंट मराठी घरांत तर कौटुंबिक उपासना हाच कणा होता. ‘ज्ञानोदय’ 1842पासून घरोघर वाचला गेला. नारायण वामन टिळकांची भजनं ‘उपासना संगीत’मधून आजही पेटी-तबल्यावर म्हटली जातात. चर्चच्या चौकटीबाहेर ‘देवाचा दरबार’ भरवण्याचा त्यांचा 1917चा साताऱ्याचा प्रयत्न त्यांच्या मृत्यूमुळे अल्पायुषी ठरला, पण ओढ तीच होती. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमधल्या मुली 1905मध्ये तासन् तास प्रार्थनेत असत. मात्र तिथे शेकडोंची सोबत होती. एकटीने, बंद दाराआड, खालून भाजीवाल्याची हाक येत असताना दिवस काढायचा, हे वेगळंच प्रकरण.

आता त्या दिवसाकडे. पाणी भरून झालं की सकाळी मेणबत्ती लावायची. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं ‘सुबोध बायबल’ उघडून शुभवर्तमानातला एकच उतारा घ्यायचा आणि तोच दिवसभर चघळायचा. अधाशासारखी पानं उलटली की प्रार्थनेचा अभ्यासवर्ग होतो. अकराच्या सुमारास मौन कंटाळवाणं होतं. झोप येते, कपाट आवरायची हुक्की येते, गॅसचा नंबर लावायचा राहिला हे हटकून तेव्हाच आठवतं. हा तास ओलांडला की दिवस जमला. दुपारी पेज आणि लोणचं. तीनला दैवी दयेची जपमाळ. संध्याकाळी दुःखाच्या रहस्यांची रोजरी, शुक्रवारला ती ठरलेलीच. झोपण्यापूर्वी दिवसाची झडती.

शेजाऱ्यांची अडचण होईल असं वाटलं होतं, ती झालीच नाही. ‘आज मी प्रार्थनेला बसणार आहे’ या वाक्यावर चेहरे गोंधळतात, पण ‘आज माझा उपास आहे’ म्हटलं की समोरच्या वहिनी लगेच समजतात. त्यांची एकादशी असते, वरच्या मजल्यावर मार्गशीर्षातले गुरुवार असतात. एकदा त्यांनी साबुदाण्याची खिचडी आणून दिली. ख्रिस्ती उपासाच्या नियमांत साबुदाण्याला कसलंच विशेष स्थान नाही, पण ती मी आनंदाने खाल्ली.  

खरी अडचण घराच्या आत होती, आणि ती चर्चं उघडल्यावर कळली. महाराष्ट्रातली प्रार्थनास्थळं 16 नोव्हेंबर 2020ला, दिवाळी पाडव्याला उघडली. एप्रिल 2021मध्ये, ईस्टरच्या दुसऱ्याच दिवसापासून, पुन्हा बंद झाली आणि 7 ऑक्टोबरला घटस्थापनेच्या मुहूर्तावर पुन्हा खुली झाली. चर्च उघडलं तसे घरातले दिवस एकेक करून मिटत गेले. कुणी म्हणालं, आता मिस्सा आहे ना, मग वेगळा दिवस कशाला? हे कारण मला पटत नाही. येशू सभास्थानात जात असे आणि एकटा डोंगरावरही जात असे. एकाने दुसऱ्याची जागा घेतली नाही.

ज्या बायकांनी दिवस सोडला त्यांच्याशी बोलताना बहुतेक वेळा एकच गोष्ट पुढे आली. टाळेबंदीत सगळे घरात होते, कामं थोडीफार वाटली गेली होती. ती संपताच डबे परत आले आणि सगळे एकाच हातात आले. पुरुष रिट्रीटला जातो तेव्हा त्याची बॅग भरली जाते. बाई घरात प्रार्थनेला बसते तेव्हा तिच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं जातं, ‘मीठ कुठे ठेवलंस?’ मार्था आणि मरिया यांच्या गोष्टीवरची प्रवचनं मी लहानपणापासून ऐकत आले आहे. मार्थाने धांदल सोडून येशूच्या पायाशी बसावं, असा त्यांचा सूर. मग त्या दिवशी स्वयंपाक कोणी करावा, हे मात्र कुठल्या फादरांनी सांगितलेलं आठवत नाही. ज्या घरांत हा दिवस टिकला, तिथे पहिल्या शुक्रवारी चूल दुसऱ्या कुणीतरी सांभाळली आहे. कुठे नवऱ्याने, कुठे मुलाने, एका घरी सत्तरीच्या सासऱ्यांनी. तांदळाची पेज करायला कुणाला शिकावं लागत नाही.

पोप फ्रान्सिस यांनी 2025च्या ज्युबिली वर्षाची तयारी म्हणून 2024 हे प्रार्थनेचं वर्ष जाहीर केलं होतं. ठिकठिकाणी व्याख्यानं झाली, पुस्तिका वाटल्या गेल्या. 21 एप्रिल 2025ला, ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, ते गेले. ज्युबिली 6 जानेवारी 2026ला संपली. पण प्रार्थनेला कुठल्या खास वर्षाची गरज नाही. पॅरिशच्या पत्रकात पहिल्या शुक्रवारच्या मिस्साची वेळ छापलेली असते. तिच्याखाली आणखी एक ओळ छापावी, अशी माझी आपल्या पॅरिश कौन्सिलांना विनंती आहे: या दिवशी घरातल्या पुरुषांनी स्वयंपाक करावा, म्हणजे घरातल्या बाईला दार लावून बसता येईल.