वीतभर जागेतला तोल

१९८६ साली माझी बदली मंचरला झाली. पुण्याच्या पेठेत वाढलेल्या मला तिथला पहिला धडा मिळाला तो बँकेत नव्हे, बँकेसमोरच्या रस्त्यावर. एक गाडीवान बैलगाडीत कांद्याची पोती भरत होता. सगळी पोती चढल्यावर, बैल जुंपण्याआधी, त्याने जू दोन्ही हातांनी उचलून पाहिले, क्षणभर तसेच धरले आणि मागची दोन पोती पुढे ओढली. मी विचारले, "का हो, काय बिघडलं होतं?" तो म्हणाला, "गाडी उलाळ व्हत व्हती, साहेब." चाकांच्या मागे भार जास्त झाला की जू वर उचलते आणि बैलांच्या गळ्याला काच बसतो, पुढे जास्त झाला की तोच भार त्यांच्या मानेवर येतो. पोती तीच, वजनही तेच. ते कुठे ठेवले, एवढाच काय तो प्रश्न.

त्याच पावसाळ्यात घोडेगावच्या बाजूचा एक तरुण माझ्या टेबलासमोर येऊन बसला. विहिरींवरच्या मोटारी रिवाइंड करून देण्याचा त्याचा धंदा. त्याला दहा हजारांचे कर्ज हवे होते. "कशासाठी?" असे विचारले, तर म्हणाला, "विमानासाठी, साहेब." शेजारचे कारकून हसले. खरे सांगायचे तर मीही हसलो. मोटारसायकलचे इंजिन लावून एकट्यापुरते विमान करायचा त्याचा बेत होता. त्याने एक शंभर पानी वही पुढे सरकवली. "यात समदी वजनं लिवलीत." मी वही उघडलीसुद्धा नाही. आमच्या अर्जात विहीर, पंप, म्हैस, बैलगाडी यांना जागा होती, विमानाला नव्हती. उठता उठता तो म्हणाला, "बॅटरी पुढं ठेवावी का मागं, येवढं कुनाला तरी इचारायचं व्हतं." मला प्रश्नच कळला नाही.

तो कळायला तीस वर्षे जावी लागली. २०१६ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात 'मेक इन इंडिया' सप्ताह भरला होता. तिथे एक सहा आसनी विमान मांडलेले होते. ते कुठल्या कारखान्यात तयार झालेले नव्हते. तेव्हा जेट एअरवेजमध्ये वैमानिक असलेल्या कॅप्टन अमोल यादव यांनी ते कांदिवलीच्या चारकोपमधील आपल्या इमारतीच्या गच्चीवर बांधले होते. वर्तमानपत्रातला तो फोटो पाहताना मला एकदम ती वही आठवली. पुढच्या बातम्या मी कात्रणे काढून ठेवू लागलो. विमानाची नोंदणी नोव्हेंबर २०१७ मध्ये झाली, उड्डाणाचा परवाना ऑक्टोबर २०१९ मध्ये मिळाला आणि धुळ्याच्या विमानतळावर चाचणी झाली ती ऑगस्ट २०२० मध्ये. गच्चीवरून धावपट्टीपर्यंत यायला इतकी वर्षे का लागावीत? निवृत्तीनंतर हाताशी वेळ होता. पुस्तके मागवली आणि शिकवणीला बसावे तसा बसलो.

घरी बांधलेले विमान पुरे झाले की आधी ते तोलतात. समपातळीत उभे करून तीन चाकांखाली तीन काटे ठेवायचे. प्रत्येक चाकाचे नाकाच्या टोकापासूनचे अंतर मोजायचे. काट्यावरच्या वजनाला त्या अंतराने गुणायचे, तिन्ही गुणाकारांची बेरीज करून तिला एकूण वजनाने भागायचे. येईल त्या अंतरावर विमानाचा गुरुत्वमध्य. मग त्यात वैमानिक, इंधन, सामान मिळवून पुन्हा हिशेब करायचा. छोट्या विमानात हा मध्य पुढे-मागे सरकायला मोकळीक असते ती साधारण वीतभर! तो फार पुढे गेला तर नाक जड होते आणि उतरताना उचलता उचलत नाही. फार मागे गेला तर दुखणे अधिक वाईट. विमान शेपटीवर बसू पाहते, नाक आपोआप वर जाते, वेग मरतो आणि एकदा ते गिरक्या घेत खाली येऊ लागले की सावरणे कठीण. गाडीवानाच्या भाषेत, उलाळ.

वैमानिकासह अडीचशे किलोचे विमान धरा. दहा किलोची बॅटरी नाकातून काढून अडीच मीटर मागे ठेवली, तर गुरुत्वमध्य दहा सेंटिमीटर मागे सरकतो. म्हणजे जवळजवळ अर्धी वीत खर्ची पडली. त्या तरुणाचा प्रश्न हा असा अर्ध्या वितीचा होता.

राइट बंधूंनाही हे चुकले नाही. १७ डिसेंबर १९०३ रोजी त्यांचे विमान पहिल्यांदा उडाले, १२ सेकंद आणि १२० फूट. त्यात इंजिन मध्यावरून उजवीकडे होते आणि चालवणारा भाऊ डावीकडे पालथा झोपलेला. इंजिन माणसापेक्षा जड, म्हणून त्यांनी उजवा पंख डाव्यापेक्षा चार इंच लांब केला.

प्रोपेलरने मात्र त्यांना घाम फोडला. जहाजांच्या पंख्याचे शास्त्र आयते मिळेल अशी त्यांची समजूत होती; कामाचे काहीच मिळाले नाही. मग त्यांच्या ध्यानात आले की प्रोपेलर म्हणजे गोल फिरणारा विमानाचा पंखच. साडेआठ फुटी दोन प्रोपेलर त्यांनी हाताने लाकडात कोरले आणि जेमतेम १२ अश्वशक्तीच्या इंजिनावर साखळ्यांनी फिरवले.

प्रोपेलर निवडायचा तो दोन मापांनी, लांबी आणि पिच. स्क्रू एका फेऱ्यात जितका आत शिरतो, तसे एका फेऱ्यात प्रोपेलर किती पुढे जाऊ पाहतो ते त्याचे पिच. आपल्याकडची एस.टी. माळशेज घाट पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढते आणि ओतूरच्या सपाटीला आली की ड्रायव्हर वरचा गिअर टाकतो. कमी पिच म्हणजे घाटाचा गिअर: उड्डाण लवकर, चढण जोरात, पण सपाटीवरचा वेग बेताचा. जास्त पिच म्हणजे सपाटीचा गिअर: वेग चांगला, पण धावपट्टी लांब हवी. साध्या प्रोपेलरला एकच गिअर मिळतो आणि तो जमिनीवर असतानाच ठरवावा लागतो.

लांबीचेही तसेच. १.८ मीटरचा प्रोपेलर मिनिटाला २७०० फेरे घेतो तेव्हा पात्याचे टोक सेकंदाला सुमारे २५४ मीटर धावते. तोच मोटारसायकलच्या इंजिनावर पाच हजार फेऱ्यांनी थेट फिरवला तर टोक ध्वनीचा वेग ओलांडते. गोंगाट वाढतो आणि ओढ घटते. म्हणून फेरे कमी करणारे दाते किंवा पट्टा मध्ये घालावा लागतो. त्याचे वजन पडते नाकात. लाकडी प्रोपेलर हलका, धातूचा जड, आणि तेही वजन अगदी टोकाला. म्हणजे प्रोपेलर बदलला की तोल बदलला, तोल बदलला की बॅटरीची जागा बदलली. एक गोष्ट एकटी अशी ठरवताच येत नाही.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर मी मुद्दाम घोडेगावला गेलो. दुकान सापडले. आता मुलगा चालवतो; तो तरुण, आताचा आजोबा, गल्ल्यामागे बसला होता. मी ओळख दिली. "साहेब, तुमी?" म्हणून त्यांनी आधी चहा सांगितला. मी म्हणालो, "त्या दिवशी मी तुमची वही उघडायला हवी होती." ते हसले. "बरं झालं नाय उघडली. कर्ज मिळालं असतं तर मी उडालोच असतो."

मग त्यांनी सांगितले. नकारानंतर वर्षभर ते वहीतली बेरीज पुन्हा पुन्हा करत राहिले. सगळे वजन धरले होते. भरलेली टाकीही धरली होती. धरले नव्हते ते एवढेच की टाकी रिकामी होत जाणार. वीस लिटर पेट्रोल म्हणजे सुमारे पंधरा किलो आणि टाकी तोलाच्या मीटरभर पुढे. पेट्रोल संपत येईल तसा तोल अडीच इंच मागे सरकणार. "निघताना झ्याक," ते म्हणाले, "आन् उतरताना उलाळ."

इतकी वर्षे मला वाटत होते, की आपण एका माणसाचे विमान अडवले. तसे झाले नव्हते. माझा नकार बरोबर ठरला, पण त्यात माझा शहाणपणा काडीचाही नव्हता. मी न वाचता नाही म्हणालो होतो. त्यांनी तोलून पाहिले आणि मग स्वतःच नाही म्हणाले.

वही अजून होती. पिवळी पडलेली, कडांना ग्रीसचे डाग लागलेली. मी त्यांना ती मागितली आणि दुकानातल्या बाकावर बसून पहिल्या पानापासून वाचायला घेतली.